फुकट लिहा, विकत वाचा

बुधवार पेठेत तर्कशास्त्र सुटं मिळतं. पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे जाऊन ७४०८ मागा. काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, "किती?" आणि चौदा पायांचा काळा आयसी हातावर ठेवतो. त्यात चार 'अँड' गेट असतात. आत जाणाऱ्या दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तरच बाहेर खरं येणार, एक जरी खोटी असली तर खोटं. ७४३२ मध्ये 'ऑर' मिळतात. ७४०४ मध्ये नकार मिळतात, एकदम सहा. पुण्यात नकार विकत घ्यायची वेळ कोणावर येत असेल असं वाटत नाही, पण इंजिनिअरिंगची मुलं घेतात बिचारी.

घरापासून चार पावलांवर एवढी सोय असताना मला याच शास्त्रात घाऊक काहीतरी करायची हौस आली. मी संगणकीय तर्कशास्त्रावर पेपर लिहिला आणि एका आंतरराष्ट्रीय जर्नलकडे पाठवला.

पेपराचा विषय साधा आहे. कॉम्प्युटरचा एखादा प्रोग्रॅम सुरू केला तर तो कधीतरी थांबेल, की चालतच राहील? कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल हे आधीच सांगणारी सरसकट युक्ती असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध करून ठेवलं आहे. त्यामुळे आमच्यासारख्यांना उद्योग उरला तो एवढाच, की 'अमुक प्रकारचे प्रोग्रॅम तरी नक्की थांबतात' असं सिद्ध करत बसायचं. मी असा एक छोटासा प्रकार शोधला, तो थांबतो हे सिद्ध केलं आणि पेपर धाडून दिला. प्रोग्रॅम थांबतो. परीक्षण काही थांबेना.

जर्नलच्या पोर्टलवर गेलं की माझ्या पेपरासमोर 'परीक्षण चालू' असं दिसतं. मध्ये एकदा ते बदललं होतं, त्याची कथा पुढे येईल, पण लवकरच पुन्हा मूळपदावर आलं. दरम्यान आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा नातू रांगायला लागला, बोलायला लागला, शाळेत जायला लागला, आणि आता तोच मला जिन्यात अडवून विचारतो, "काका, आलं का हो तुमचं?" त्याचे आजोबा जास्त स्पष्टवक्ते आहेत. "अहो, लक्ष्मी रोडवरची विसर्जन मिरवणूकसुद्धा दुसऱ्या दिवशी संपते! तुमचं एवढं काय आहे?" मी म्हटलं, "काका, मिरवणूक पुढे सरकताना दिसते तरी."

पेपरावर पत्ता द्यावा लागतो. कॉलेजच्या पत्त्यावर आलेलं टपाल कुठल्या कपाटात मुक्काम करतं ते मला माहीत असल्यामुळे मी घरचा दिला. आता बुधवार पेठ म्हटल्यावर परगावचा माणूस क्षणभर गप्प होतो, आणि पेठेतला माणूस तेवढ्या क्षणात "अप्पा बळवंत चौकाकडची" असं म्हणून मोकळा होतो. ही सवय अंगात इतकी मुरलेली, की मी जर्नलच्या फॉर्मातही पत्त्यापुढे 'दगडूशेठजवळ' असं घातलं. संपादक युरोपातले. त्यांचं तातडीने पत्र आलं: हे दगडूशेठ सहलेखक आहेत का? असल्यास त्यांची संमती जोडावी. आजतागायत त्या जर्नलकडून मला इतक्या तातडीने आलेलं ते एकमेव पत्र.

पत्त्यासारखी पेपराची अक्षरजुळणीही लेखकानेच करायची असते. पूर्वी लेखकाने लिहावं आणि छापखान्याने जुळवावं अशी श्रमविभागणी होती. ती डोनाल्ड कनूथ या थोर माणसाने मोडली. १९७७ साली त्यांच्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली, ती पाहून ते इतके वैतागले की अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला बसले. काही महिन्यांचं काम वाटलं होतं, ते पुरतं बसायला दहा वर्षांवर गेली. तो प्रोग्रॅम त्यांनी जगाला फुकट दिला, आणि तेव्हापासून गणित लिहिणारा प्रत्येक जण स्वतःचा कंपोझिटर झाला. कनूथनी सुंदर छापाईसाठी केलं, प्रकाशकांनी ते पगार वाचवण्यासाठी वापरलं.

तसा जुळवलेला पेपर मी प्रिंट काढायला अप्पा बळवंत चौकातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे नेला.

"थिसिस का सर? काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं?"

"नाही. नुसत्या प्रिंट हव्यात."

तो पहिलं पान बाहेर येताच थबकला. "सर, ए उलटा पडलाय."

"तो तसाच असतो."

"सगळीकडे पडलाय. आणि हा ई उलट्या तोंडाचा आहे. फॉन्ट गेलाय तुमचा. करून देऊ सरळ? जास्तीचे पैसे नाही घेणार."

मी त्याला समजावलं, की उलटा ए म्हणजे 'प्रत्येकासाठी' आणि उलट्या तोंडाचा ई म्हणजे 'निदान एक तरी आहे'. त्याने गठ्ठा चाळला आणि सहानुभूतीने म्हणाला, "निदान एक तरी पान धड आहे का बघतो." त्या पेपराचं एवढ्या आस्थेने परीक्षण नंतर कोणी केलं नाही.

अखेर एके दिवशी खरी परीक्षणं आली. तीन. पहिल्या परीक्षकाचं म्हणणं, मुख्य प्रमेय उघडच खरं आहे, त्याला सिद्धता कशाला हवी? दुसऱ्याचं म्हणणं, मुख्य प्रमेय खोटं आहे. तिसऱ्याचं म्हणणं, प्रमेयाबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण इंग्रजी सुधारा, आणि सोबतच्या सात पेपरांचा उल्लेख अवश्य करा. सातही पेपर एकाच माणसाचे. परीक्षकाचं नाव गुप्त ठेवायची प्रथा आमच्यात अशी कसोशीने पाळली जाते.

तर्कशास्त्रात एक जुना नियम आहे. परस्परविरोधी दोन गोष्टी एकदम खऱ्या मानल्या की त्यांतून वाटेल ते सिद्ध करता येतं. आमचे संपादक या क्षेत्रातले नामांकित. त्यांनी 'उघडच खरं' आणि 'खोटं' ही दोन मतं शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांतून 'मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा' हे निर्विवाद सिद्ध केलं. सिद्धतेत मला एकही चूक काढता आली नाही.

दुरुस्त्यांबरोबर परीक्षकांना उत्तरं लिहायची असतात. पहिल्याला लिहिलं, की प्रमेय उघड आहे हे आपण म्हणता तेव्हा आपल्या बुद्धीच्या झेपेची कल्पना येते. दुसऱ्याला लिहिलं, की आपला आक्षेप अत्यंत मोलाचा असून त्यामुळे पेपर कमालीचा सुधारला आहे. सुधारणा म्हणजे पान चारवर जे लिहिलं होतं तेच पान पाचवर पुन्हा लिहिलं. बायकोने हे पत्र खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "माझ्या आईशी कधी इतकं गोड बोलला नाहीत."

माझ्याकडेही इतरांचे पेपर परीक्षणाला येतात. तीन आठवड्यांत अभिप्राय द्या म्हणतात. मी त्याच दिवशी आनंदाने होकार कळवतो, कारण होकार द्यायला पेपर वाचावा लागत नाही. मग गणपती येतात. दगडूशेठपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसाने भाद्रपदात प्रमेय तपासावं ही अपेक्षाच अतार्किक. गणपती गेले की नवरात्र, मग दिवाळी, दिवाळीनंतर परीक्षा, परीक्षेनंतर उत्तरपत्रिका. शेवटी संपादकांचं तिसरं स्मरणपत्र येतं. त्या रात्री मी जागून पहिली दोन पानं आणि शेवटची संदर्भसूची वाचतो. सूचीत माझं नाव नसलं की पेपरात काहीतरी गंभीर त्रुटी आहे हे तत्काळ ध्यानात येतं. मग लिहितो, 'इंग्रजी सुधारावे.'

परीक्षक दमतात हे काही गुपित नाही. १६११ साली केप्लरने म्हणून ठेवलं, की एकसारखे गोळे दाटीवाटीने रचायची सर्वांत उत्तम रीत म्हणजे फळवाले रचतात तीच. म्हणून ठेवलं, सिद्ध कोणाला करता येईना. १९९८ साली टॉमस हेल्स या गणितज्ञाने सिद्धता दिली, शेकडो पानांची, शिवाय कॉम्प्युटरने केलेली गणितं वेगळी. 'ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'ने तिच्यावर १२ परीक्षक बसवले. काही वर्षांनी ते म्हणाले, आमची ९९ टक्के खात्री आहे, उरलेल्याचं त्राण नाही. २००५ साली पेपर छापला. पण हेल्स हट्टी. गणितात ९९ टक्के म्हणजे नापास. त्यांनी माणसांचा नाद सोडला आणि संगणकीय तर्काचे प्रोग्रॅम कामाला लावले. २०१४ साली त्या प्रोग्रॅमांनी ओळ न् ओळ तपासून संपूर्ण सिद्धता बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. तो पेपर छापून आला २०१७ साली. सण नाहीत, उत्तरपत्रिका नाहीत, दमणं नाही असा परीक्षक सापडला, तरी छापायला तीन वर्षं लागलीच.

ही हकीकत मी मंडईत एका फळवालीला उत्साहाने सांगितली. "मावशी, तुम्ही संत्री रचता ना, तीच जगातली सर्वांत दाट रचना. हे सिद्ध करायला लोकांना चारशे वर्षं लागली."

"घ्यायचीत का?" त्या म्हणाल्या. "घ्यायची तर वरून घ्या. खालचं ओढू नका."

सगळ्यांत पंचाईत झाली ती आमच्या पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानदारापुढे. जर्नलच्या जुन्या अंकांना काही भाव येईल का हे विचारायला मी गेलो होतो. त्याने आधी धंदा समजून घेतला.

"लेख तुम्ही लिहिणार?"

"हो."

"पैसे किती देतात?"

"काही नाही."

"बरं. तपासणारा?"

"तोही माझ्यासारखाच प्राध्यापक. फुकट."

"अक्षरजुळणी?"

"मीच केली."

"मग छापल्यावर विकत कोण घेतं?"

"आमचंच ग्रंथालय."

त्याने पेनाला टोपण लावलं. "सर, मी रद्दी घेतो ना, तरी किलोमागे काहीतरी देतो."

अप्पा बळवंत चौकात उभ्याउभ्या ध्यानात येणारी ही गोष्ट ध्यानात यायला जगातल्या तर्कशास्त्रज्ञांना बराच वेळ लागला, पण आली. १९९९ साली 'जर्नल ऑफ लॉजिक प्रोग्रॅमिंग'च्या संपादक मंडळातल्या ५० च्या ५० जणांनी एकदम राजीनामे दिले. ग्रंथालयांच्या वर्गणीवरून एल्सव्हिअर या प्रकाशकाशी १६ महिने घासाघीस चालली होती, ती फिसकटली. सगळी मंडळी उठली, केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनाकडे गेली आणि २००१ साली त्यांनी 'थिअरी अँड प्रॅक्टिस ऑफ लॉजिक प्रोग्रॅमिंग' नावाचं नवं जर्नल सुरू केलं. जुनंही जरासं नाव बदलून चालू राहिलं. यात मला थक्क करतो तो पैशाचा मुद्दा नव्हे. ५० विद्वान एकाच वेळी, एकाच कारणासाठी, एकाच दिशेने बाहेर पडले आणि त्यांनी मिळून एकच जर्नल काढलं! पुण्यात ५० जण मंडळ सोडून गेले असते तर ५० मंडळं निघाली असती, आणि प्रत्येकाने पाटीवर 'मूळ' असं लिहिलं असतं.

पुढे २००५ पासून 'लॉजिकल मेथड्स इन कॉम्प्युटर सायन्स' हे जर्नल निघायला लागलं. लिहिणाऱ्याला फुकट, वाचणाऱ्यालाही फुकट. दुकानदाराला हेही सांगितलं.

"मग सगळे तिथेच का नाही पाठवत?"

"बढतीच्या फॉर्मात सगळ्या प्रकारची नावं लागतात."

"असं होय," तो म्हणाला. "म्हणजे गिऱ्हाईक वाचणारा नाहीच. गिऱ्हाईक तुम्हीच."

मी घाईघाईने सरकारची बाजू मांडली. आता 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आली आहे. २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स, देशभरच्या सरकारी विद्यापीठांना आणि संस्थांना वाचायला खुली. त्याने मनातल्या मनात भागाकार केला असावा. "घाऊकचा भाव लावला का त्यांनी?" एवढंच विचारलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या अंकांचा भाव शेवटपर्यंत सांगितला नाही.

इतकी यातायात नको असेल तर दुसरा मार्ग आहे. रोज सकाळी माझ्या ईमेलमध्ये 'परमआदरणीय थोर संशोधक' अशी हाक येते. घरात मला कोणी अशी हाक मारत नाही, त्यामुळे दोन-चार ओळी वाचल्या जातात. पेपर पाठवा, आठवड्यात छापतो, फी डॉलरमध्ये. मध्यंतरी दंतवैद्यकाच्या एका जर्नलने मला थेट संपादक मंडळावर बोलावलं. कारण कळेना. मग उलगडलं, की माझ्या एका जुन्या पेपराच्या शीर्षकात 'रूट' हा शब्द होता.

अशा ठिकाणी परीक्षण कसं चालतं याचे पुरावे आहेत. २००५ साली अमेरिकेत एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी आपोआप निरर्थक पेपर लिहिणारा प्रोग्रॅम केला आणि त्याचा एक पेपर एका परिषदेत स्वीकारलाही गेला. दुसरा नमुना याहून नामी. दोन संशोधकांनी वैतागून एक पेपर तयार केला होता. त्यात शीर्षकापासून आलेखापर्यंत एकच वाक्य पुन्हा पुन्हा होतं: तुमच्या ईमेलच्या यादीतून माझं नाव काढा. मूळ वाक्यात एक शिवी होती, ती इथे देत नाही. २०१४ साली एका ऑस्ट्रेलियन प्राध्यापकाने तो अशाच एका जर्नलला उत्तरादाखल पाठवला. परीक्षकाने 'उत्कृष्ट' असा शेरा मारला आणि जर्नलने १५० डॉलर मागितले. यादीतून नाव काढलं की नाही, कोण जाणे.

आमच्या स्टाफरूममधले एक सहकारी याच मार्गाने पुढे गेले. "सर, तुमचं परीक्षण अजून चालूच? आमचं मंगळवारी पाठवलं, शुक्रवारी आलं. दोन दिवस त्यांनीही घेतलेच की." सोबत रंगीत प्रमाणपत्र आलं होतं, ते त्यांनी लॅमिनेट करून घेतलं. मी विषय विचारला. म्हणाले, "तो प्रमाणपत्रावर आहे."

सरकारने हात-पाय हलवले नाहीत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यताप्राप्त जर्नलांची एक यादी होती. २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये पुण्याच्या संशोधकांचा एक लेख आला. विद्यापीठांनी सुचवून त्या यादीत घुसवलेली १,००९ जर्नल्स त्यांनी तपासली होती आणि ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असावीत असा निष्कर्ष काढला होता. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ जर्नल्स यादीतून उडवली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली, तिचा कारभार आमच्याच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचा. २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद केल्याचं जाहीर केलं. याद्या येतात आणि जातात. सहकाऱ्याचं प्रमाणपत्र लॅमिनेट केलेलं असल्यामुळे टिकून आहे.

हे सगळं सोसून पेपर छापला तरी वाचणार कोण, असा प्रश्न बायको अधूनमधून विचारते. तिला मी ट्युरिंगची गोष्ट सांगतो. ज्या पेपरावर आजचं सगळं संगणकशास्त्र उभं आहे, तो छापून आल्यावर त्याच्या प्रती मागणारी पत्रं आली दोन. एक त्याच्याच कॉलेजातल्या माणसाचं आणि एक जर्मनीतल्या प्राध्यापकाचं.

"म्हणजे तुम्हालाही दोन येतील?"

"एक तरी येईल." उलट्या तोंडाचा ई मी तिला कागदावर काढून दाखवला.

तेव्हा या लेखाच्या वाचकांत जे कोणी परीक्षक असतील त्यांना हात जोडून विनंती आहे. तुमच्याकडे कोणाचा तरी पेपर पडून आहे. तुम्हाला ते ठाऊक आहे, संपादकांनाही ठाऊक आहे, ज्याचा आहे त्याला तर फारच ठाऊक आहे. सण संपले की म्हणू नका, आपल्याकडे ते संपत नाहीत. आज रात्रीच वाचून टाका, दोन पानांच्या पुढे जाऊन वाचा. प्रमेय उघड असेल तर उघड म्हणा, खोटं असेल तर खोटं म्हणा. फक्त दुसऱ्या परीक्षकाला एकदा विचारून घ्या, म्हणजे दोघं मिळून एकच काहीतरी सांगाल.